मेंदूच्या शल्यविद्येचे मद्रास-पीठ : डॉ. बी. राममूर्ती यांचे जीवनकार्य

भारतीय भाषांच्या कथाभांडारात कवटी उघडून मेंदूपर्यंत पोहोचणाऱ्या वैद्यांच्या कथा तुरळक असल्या, तरी अपरिचित नाहीत. तमिळ सिद्धवैद्यकाच्या परंपरेत अगस्त्यांचा शिष्य तेरैयर याची एक आख्यायिका सांगितली जाते. एका राजाला असह्य मस्तकशूळ जडला होता. अगस्त्यांनी त्याची कवटी उघडली, तेव्हा मेंदूवर एक बेडूक बसलेला आढळला. तो ओढून काढावा तर मेंदूला इजा होणार आणि तसाच राहू द्यावा तर रोगी वाचणार नाही, अशा पेचात गुरू सापडले असता शिष्याने पाण्याने भरलेले पात्र जवळ आणून ते काठीने ढवळले. पाण्याचा आवाज ऐकताच बेडकाने आपण होऊन पात्रात उडी घेतली. तमिळमध्ये ‘तेरै’ म्हणजे बेडूक; शिष्याचे नाव त्यावरूनच पडले असे परंपरा सांगते. बल्लाळाच्या संस्कृत ‘भोजप्रबंधा’तही याच जातीची कथा आहे. तेथे भोजराजाच्या मस्तकात मासोळी शिरते आणि ब्राह्मणवेषातील अश्विनीकुमार चूर्णाने राजाला बेशुद्ध करून ती काढतात, कवटी पूर्ववत् सांधतात आणि राजाला शुद्धीवर आणतात.

या कथांवरून प्राचीन भारतात मेंदूच्या शस्त्रक्रिया होत असत, असा निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल. आख्यायिका म्हणजे रुग्णालयाचे दप्तर नव्हे. परंतु या शल्यविद्येपुढील मूळ प्रश्न तेरैयराच्या कथेने अचूक पकडला आहे, हे मान्य करावे लागते. मेंदूत जे नको ते काढावयाचे, पण मेंदूला धक्का लागू द्यावयाचा नाही, हा तो प्रश्न होय. विसाव्या शतकाच्या मध्यास तमिळ प्रदेशातच हा प्रश्न आधुनिक शास्त्राच्या साधनांनी हाताळण्यास ज्यांनी आरंभ केला, त्या डॉ. बालसुब्रह्मण्यम् राममूर्ती यांचे जीवनकार्य म्हणूनच केवळ वैद्यकाच्या इतिहासापुरते मर्यादित राहत नाही. मेंदू आणि मन, शरीर आणि चैतन्य यांच्या संबंधाविषयी भारतीय वाङ्मयाने शतकानुशतके जे चिंतन केले, त्याच्याशीही त्याचा धागा जुळतो.

राममूर्तींचा जन्म ३० जानेवारी १९२२ रोजी तत्कालीन तंजावर जिल्ह्यातील शिरकाळी येथे झाला. तमिळ शैव संतपरंपरेतील तिरुज्ञानसंबंधर यांचे हे जन्मस्थान. हा सारा कावेरीकाठचा प्रदेश मराठी वाचकाला परका नाही. व्यंकोजी भोसल्यांपासून १८५५ पर्यंत तंजावरावर मराठ्यांचे राज्य होते आणि त्या घराण्यातील दुसऱ्या सरफोजी राजांनी सरस्वती महाल ग्रंथालयाबरोबरच धन्वंतरी महालाचीही उभारणी केली होती. देशी औषधांचा कस तेथे लावला जाई. नेत्ररोग्यांच्या उपचारांच्या सचित्र नोंदी ठेवल्या जात आणि अनुभवसिद्ध औषधयोग तमिळ पद्यात ग्रथित केले जात. देशी विद्या आणि पाश्चात्त्य शल्यतंत्र यांना एका छपराखाली आणण्याचा तो प्रयत्न सरफोजींच्या मृत्यूनंतर, १८३२ नंतर, मंदावला. राममूर्तींच्या घडणीशी त्याचा थेट संबंध जोडता येत नाही. तथापि ज्या भूमीत ते जन्मले, तिला या दोन विद्यांची शेजारओळख शतकापूर्वीच झाली होती, एवढे लक्षात ठेवणे उपयुक्त आहे.

घरात वैद्यकीचे वातावरण होते. बालपण आणि शालेय शिक्षण तिरुचिरापल्लीत झाले. पुढे वैद्यकीय शिक्षणासाठी ते मद्रासला आले. मद्रास मेडिकल कॉलेज ही १८३५ पासूनची संस्था, आणि तिला जोडलेले सरकारी जनरल हॉस्पिटल त्याहूनही जुने. कंपनीच्या आजारी सैनिकांसाठी १६६४ मध्ये फोर्ट सेंट जॉर्जमध्ये सुरू झालेल्या लहानशा इस्पितळातून त्याचा विस्तार झाला. मध्यवर्ती रेल्वे स्थानकासमोर उभ्या असलेल्या या रुग्णालयात सबंध प्रांतातून रोगी येत. रेल्वेतून उतरून समोरचा रस्ता ओलांडला की रोगी थेट रुग्णालयाच्या दारात पोहोचे. राममूर्तींनी आपले जवळजवळ संपूर्ण सरकारी सेवाजीवन याच वास्तूत व्यतीत केले.

१९४७ मध्ये त्यांनी एडिंबरो येथील रॉयल कॉलेजची शल्यचिकित्सेतील फेलोशिप संपादन केली. त्या काळी भारतात मेंदूची शल्यचिकित्सा ही स्वतंत्र विद्याशाखा म्हणून अस्तित्वात नव्हती. सामान्य शल्यचिकित्सक प्रसंगी कवटी उघडीत. पण तो नाइलाजाचा भाग असे. इंग्लंड-अमेरिकेत मात्र व्हिक्टर हॉर्सली व हार्वे कुशिंग यांच्या पिढीने या शाखेला स्वतंत्र पायावर उभे केले होते. राममूर्तींनी न्यूकॅसल येथे जी. एफ. रोबॉथम यांच्या हाताखाली प्रशिक्षण घेतले. रोबॉथम हे मस्तकाच्या इजांवरील अधिकारी तज्ज्ञ होते. अपघातात डोक्याला मार लागलेल्या रोग्याची शुद्ध, श्वास आणि बाहुल्या यांवर तासातासाला लक्ष कसे ठेवावयाचे आणि नेमक्या कोणत्या क्षणी शस्त्र उचलावयाचे, याची शिस्त तेथे शिकण्यासारखी होती. यानंतर काही काळ ते कॅनडात माँट्रियल येथे वाइल्डर पेनफील्ड यांच्याकडे राहिले.

माँट्रियलचा हा मुक्काम निर्णायक ठरला. पेनफील्ड यांनी १९३४ मध्ये स्थापन केलेल्या मज्जासंस्था-संस्थेचे वैशिष्ट्य असे की, तेथे शल्यचिकित्सक, मज्जारोगतज्ज्ञ, विकृतिशास्त्रज्ञ, शरीरक्रियावैज्ञानिक आणि मानसशास्त्रज्ञ एकाच इमारतीत, एकाच रोग्याभोवती काम करीत. फेफऱ्याच्या रोग्याला जागे ठेवून, उघड्या मेंदूवर सूक्ष्म विद्युत्प्रवाह सोडून, कोणत्या बिंदूशी कोणती हालचाल, कोणती संवेदना वा कोणती आठवण निगडित आहे याचे नकाशे पेनफील्ड काढीत. शस्त्रक्रिया, संशोधन आणि अध्यापन या तीन वेगळ्या गोष्टी नसून एकाच कामाच्या तीन बाजू आहेत, हा तेथील धडा. या धड्याचा ठसा राममूर्तींच्या पुढील सर्व कार्यावर दिसतो. त्यांच्या आधी डॉ. जेकब चांडी हेही माँट्रियलमध्ये शिकून परतले होते आणि १९४९ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात त्यांनी भारतातील पहिला मेंदू-शल्यचिकित्सा विभाग सुरू केला होता.

२४ ऑक्टोबर १९५० रोजी मद्रासच्या जनरल हॉस्पिटलमध्ये राममूर्तींनी या शाखेच्या कामाला प्रारंभ केला. त्यांचे वय तेव्हा अठ्ठावीस होते. वेल्लोर आणि मद्रास यांच्या परिस्थितीत एक महत्त्वाचा भेद होता. वेल्लोरला धर्मादाय संस्थेचा आधार आणि तिची स्वायत्तता होती. मद्रासला सरकारी खात्याची चौकट, मर्यादित अंदाजपत्रक आणि अमर्याद गर्दी होती. कवटीच्या आत काय चालले आहे ते पाहण्याचे साधन क्ष-किरणांपलीकडे फारसे नव्हते. मेंदूच्या पोकळ्यांत हवा भरून वा रोहिणीत रंजकद्रव्य सोडून क्ष-किरणचित्रे घ्यावयाची, आणि त्या सावल्यांच्या विस्थापनावरून गाठीची जागा ताडावयाची, अशी ती पद्धत होती. संगणकीय छेदचित्रण १९७० च्या दशकाच्या प्रारंभी जगात प्रथम आले. तोपर्यंतची दोन दशके मद्रासचा हा विभाग सावल्यांच्या आधारे आणि रोग्याच्या काटेकोर तपासणीच्या आधारेच चालला. म्हणूनच तेथे विद्यार्थ्याला प्रथम तपासणी शिकविली जाई. पायाच्या तळव्याचा प्रतिसाद, डोळ्यांच्या हालचाली, वाणीतील अडखळ यांवरून मेंदूतील जागा ओळखणे हे या विद्येचे व्याकरण होते.

एकट्या शल्यचिकित्सकाने विभाग उभा राहत नाही, याची जाणीव राममूर्तींना प्रथमपासून होती. १९५१ मध्ये मद्रास येथे जेकब चांडी, बलदेव सिंग, एस. टी. नरसिंहन् आणि राममूर्ती या चौघांनी भारतीय मज्जाविज्ञान परिषदेची स्थापना केली. चौघांपैकी दोघे मेंदूचे शल्यचिकित्सक होते. बलदेव सिंग हे मज्जारोगतज्ज्ञ होते, तर नरसिंहन् यांचा विशेष अभ्यास मेंदूच्या विद्युत्-आलेखनाचा होता. संपूर्ण देशात या विषयाचे तज्ज्ञ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असताना अखिल भारतीय परिषद स्थापन करणे हे वरवर पाहता अतिरेकी वाटेल. परंतु शस्त्रक्रिया करणारे आणि औषधोपचार करणारे यांनी निरनिराळे सवतेसुभे न मांडता एकाच संघटनेत राहावे, हा त्यामागील विचार दूरदृष्टीचा होता. पाश्चात्त्य देशांत या दोन वर्गांच्या संघटना वेगळ्या झाल्या होत्या; भारतात त्या पुढे दीर्घ काळ एकत्र नांदल्या. परिषदेचे पहिले अध्यक्षपद चांडी यांच्याकडे गेले. परिषदेच्या मुखपत्राचे संपादन राममूर्तींनी अनेक वर्षे सांभाळले. भारतीय रुग्णालयांतील निरीक्षणे भारतीय नियतकालिकात प्रसिद्ध व्हावीत, परदेशी संपादकाच्या पसंतीवर ती अवलंबून राहू नयेत, या भूमिकेचे महत्त्व वाङ्मयीन नियतकालिकांच्या इतिहासाशी परिचित असलेल्या अभ्यासकांना निराळे सांगावयास नको.

मद्रासच्या विभागात क्रमाक्रमाने मज्जारोगचिकित्सा, मेंदूचे विकृतिशास्त्र, क्ष-किरणचित्रण, भूलशास्त्र आणि जीवरसायन यांची कामे जोडली गेली. १९७० च्या दशकात त्यांचे रूपांतर स्वतंत्र मज्जाविज्ञान-संस्थेत झाले. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात अशी एकसंध संस्था उभी राहणे ही असामान्य घटना होती. माँट्रियलची कल्पना येथे मद्रासच्या भूमीत रुजली. फरक एवढाच की, माँट्रियलच्या संस्थेमागे मोठ्या देणग्या होत्या आणि मद्रासच्या संस्थेमागे सरकारी दप्तरातून एकेक पद मंजूर करून घेण्याची वर्षानुवर्षांची चिकाटी होती. येथून शिकून बाहेर पडलेले शल्यचिकित्सक देशाच्या निरनिराळ्या भागांत गेले. अध्यापनासाठी भारतीय अनुभवावर आधारलेला ग्रंथ हवा, या जाणिवेतून राममूर्ती आणि दिल्लीचे डॉ. प्रकाश नारायण टंडन यांनी मेंदूच्या शल्यचिकित्सेचा बृहद् पाठ्यग्रंथ संपादित केला. १९८० मध्ये तो नॅशनल बुक ट्रस्टने प्रकाशित केला. भारतीय भाषांतील ललित साहित्याच्या अनुवादमालांमुळे परिचित असलेल्या या प्रकाशनसंस्थेच्या सूचीत हा ग्रंथही आहे, ही गोष्ट सहसा लक्षात येत नाही.

भारतीय अनुभवावर हा जो भर होता, तो केवळ अभिमानाचा नव्हता. युरोपातील पाठ्यपुस्तकांत मेंदूतील क्षयाच्या गाठी हा एक दुर्मिळ विषय झाला होता. मद्रासमध्ये चित्र निराळे होते. तेथे कवटीच्या आत आढळणाऱ्या एकूण गाठींपैकी सुमारे पाचवा हिस्सा क्षयाच्या गाठींचा असे. परदेशी ग्रंथाच्या आधारे निदान करणारा वैद्य या गाठीला कर्करोगसदृश समजून आशा सोडण्याचा संभव होता. वस्तुतः स्ट्रेप्टोमायसिन व त्यानंतरची क्षयविरोधी औषधे उपलब्ध झाल्यामुळे अशी गाठ काढणे आता सुरक्षित झाले होते; पूर्वी शस्त्रक्रियेनंतर क्षयजंतू मेंदूच्या आवरणांत पसरून रोगी दगावत असे. राममूर्ती व त्यांचे सहकारी यांनी १९६१ मध्ये या गाठींच्या निदानावर आंतरराष्ट्रीय नियतकालिकात लेख प्रसिद्ध केला. पुढे छेदचित्रण आणि अधिक प्रभावी औषधे आल्यावर यांतील पुष्कळ गाठी शस्त्रक्रियेवाचूनही विरघळविता येऊ लागल्या. याउलट मेंदूच्या रोहिणीवरील फुगे हा पाश्चात्त्य देशांत वारंवार आढळणारा विकार मद्रासमध्ये कमी आढळत असे. १९६९ मध्ये राममूर्तींनी या प्रश्नाकडे लक्ष वेधले. हा विकार भारतात खरोखरच विरळा आहे, की असे रोगी रुग्णालयापर्यंत पोहोचण्यापूर्वीच मृत्यू पावतात, हा वाद नंतरही चालू राहिला. परंतु प्रश्न विचारला गेला, हे महत्त्वाचे. रोग सर्वत्र सारखाच असतो, हे गृहीत त्यामुळे डळमळले.

१९६० च्या सुमारास मद्रासच्या विभागाने स्थानवेधी शल्यचिकित्सेला आरंभ केला. कवटीला लहानसे छिद्र पाडून, भूमितीच्या साहाय्याने मोजमाप करून, मेंदूच्या गाभ्यातील काही मिलिमीटरांच्या नेमक्या जागेपर्यंत बारीक सळई पोहोचवावयाची आणि तेवढाच भाग निष्क्रिय करावयाचा, असे तिचे स्वरूप. कंपवाताच्या रोग्यांसाठी १९६० च्या दशकाच्या अखेरीस लेव्होडोपा हे औषध येईपर्यंत हा मोठा आधार होता. थॅलॅमसमधील ठराविक बिंदूवर इलाज होताच वर्षानुवर्षे थरथरणारा हात शस्त्रक्रियेच्या मेजावरच स्थिर होई. या कामात डॉ. व्ही. बालसुब्रह्मण्यम्, डॉ. एस. कल्याणरामन् आणि डॉ. टी. एस. कनका हे राममूर्तींचे प्रमुख सहकारी होते. कनका यांचा येथे विशेष उल्लेख केला पाहिजे. १९३२ मध्ये जन्मलेल्या कनका यांनी १९६८ मध्ये मेंदूच्या शल्यचिकित्सेतील सर्वोच्च पदवी मिळविली. आशियातील या शाखेच्या पहिल्या स्त्री-शल्यचिकित्सकांत त्यांची गणना होते. स्त्रीने शस्त्र हाती घ्यावे हेच ज्या काळात सहजासहजी मान्य नव्हते, त्या काळात त्या या विभागात घडल्या. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले.

याच स्थानवेधी तंत्रातून मद्रासच्या कार्याचा सर्वाधिक वादग्रस्त भाग निर्माण झाला, आणि राममूर्तींच्या चरित्राचा कोणताही प्रामाणिक आढावा त्याला वळसा घालून पुढे जाऊ शकत नाही. मेंदूच्या कानशिलाकडील भागात बदामाच्या आकाराचा एक लहान पुंज असतो. त्याला अमिग्डला म्हणतात. भय, क्रोध आणि आक्रमकता यांच्याशी त्याचा निकटचा संबंध आहे. जपानमध्ये नाराबायाशी यांनी १९६३ मध्ये या पुंजावरील स्थानवेधी शस्त्रक्रियेचे वृत्त प्रसिद्ध केले. त्यानंतर लवकरच बालसुब्रह्मण्यम् यांच्या पुढाकाराने मद्रासमध्ये ती सुरू झाली. अनावर आक्रमकता, सतत धावपळ, स्वतःला वा इतरांना इजा करणे अशा वर्तनाचे रोगी त्यासाठी निवडले जात. त्यांत मुलांचाही समावेश होता. पुष्कळांना फेफरे किंवा पूर्वीच्या मेंदूज्वराचे परिणाम असत. अमिग्डलेवरील इलाज अपुरा पडल्यास अधोथॅलॅमसमधील बिंदूवर दुसरी शस्त्रक्रिया केली जाई. या साऱ्या उपचारांना मद्रासच्या वैद्यांनी शामक शल्यचिकित्सा असे नाव दिले. १९८८ मध्ये राममूर्तींनी या कामाचा आढावा घेतला, तेव्हा अशा शस्त्रक्रियांची संख्या सहाशेच्या वर गेली होती आणि बहुसंख्य रोग्यांत सुधारणा झाल्याचे त्यांनी नोंदविले होते. हा जगातील अशा शस्त्रक्रियांच्या सर्वांत मोठ्या संग्रहांपैकी एक होय.

या आकड्यामागील परिस्थिती समजून घेणे आवश्यक आहे. मनोरुग्णालयांत जागा अपुरी, औषधे मर्यादित आणि विशेष शिक्षणाची सोय जवळजवळ नाही, अशा काळात अनावर मुलाला घरात दोरीने बांधून ठेवण्याची वेळ पालकांवर येत असे. शस्त्रक्रियेनंतर मूल शांत झाले, घरच्यांबरोबर जेवू लागले, तर आईबापांच्या दृष्टीने तो पुनर्जन्मच होता. मद्रासच्या वैद्यांना त्यात करुणेचे काम दिसले. परंतु प्रश्न तेथेच थांबत नाही. शांतता ही कोणाची गरज होती, रोग्याची की त्याच्या भोवतालच्या माणसांची? जे मूल स्वतःच्या वतीने बोलू शकत नाही, त्याच्या मेंदूतील भाग कायमचा निष्क्रिय करण्यास संमती देण्याचा अधिकार पालकाला किती? सुधारणा झाली हे ठरविणारे बहुधा शस्त्रक्रिया करणारेच असतील, तर त्या निर्णयाचा भरवसा किती धरावा? याच वर्षांत अमेरिकेत मानसिक विकारांवरील शल्यचिकित्सेविरुद्ध तीव्र वाद पेटला होता. १९७४ मध्ये तेथे राष्ट्रीय आयोग नेमला गेला आणि १९७७ मध्ये त्याने या उपचारांविषयी अहवाल दिला. भारतात तसा सार्वजनिक वाद फारसा झाला नाही. नवी औषधे, वर्तनोपचार आणि बदललेली नीतिदृष्टी यांमुळे पुढे ही शस्त्रक्रिया मागे पडली. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रोग्याची स्वतःची समजून दिलेली संमती आणि मंडळाची मान्यता या दोन्हींशिवाय मानसिक विकारासाठी मेंदूची शस्त्रक्रिया करण्यास मनाई केली आहे. या कसोटीवर मद्रासच्या त्या शस्त्रक्रियांपैकी किती उतरल्या असत्या, हा विचार अस्वस्थ करणारा आहे.

तथापि राममूर्तींचा निवाडा केवळ उत्तरकालीन कायद्याच्या आधारे करणेही न्याय्य होणार नाही. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम लपविले नाही. रोगी कोणते निवडले, कोठे इलाज केला, काय साधले आणि काय साधले नाही, हे ते सतत प्रसिद्ध करीत राहिले. आज त्या कामावर जी टीका करता येते, ती त्यांनीच ठेवलेल्या नोंदींमुळे करता येते. शिवाय मेंदूच्या गाभ्यातील स्थाननिश्चितीचे जे कौशल्य या काळात मद्रासमध्ये विकसित झाले, त्याचाच पुढचा टप्पा म्हणजे भाग नष्ट न करता विद्युदग्राने त्याला उत्तेजन देण्याची पद्धत होय. कनका यांनी १९७० च्या दशकातच त्या दिशेने पावले टाकली होती. विद्युदग्र काढून घेता येतो. जाळलेला भाग परत येत नाही. इलाज मागे घेता येणे, हे या शाखेने पुढे आपले एक मूल्य मानले.

सरकारी सेवेतून निवृत्त झाल्यावर राममूर्तींनी विश्रांती घेतली नाही. डॉ. के. एस. संजीवी यांनी १९५८ मध्ये स्थापन केलेल्या अड्यार येथील व्हॉलंटरी हेल्थ सर्व्हिसेस या सेवाभावी रुग्णालयात त्यांनी मेंदूच्या शल्यचिकित्सेचे केंद्र उभे केले. त्याला आयुर्वेदाचे विख्यात पंडित डॉ. आचंट लक्ष्मीपती यांचे नाव देण्यात आले. मेंदूची आधुनिक शस्त्रक्रिया करणाऱ्या केंद्राला आयुर्वेदाच्या उपासकाचे नाव असावे, यात तंजावरच्या धन्वंतरी महालाचे स्मरण व्हावे असे काहीतरी आहे. मेंदूच्या शल्यचिकित्सकांच्या जागतिक महासंघाचे अध्यक्षपदही राममूर्तींनी भूषविले. १९८९ मध्ये या महासंघाची आंतरराष्ट्रीय परिषद नवी दिल्लीत भरली. चार दशकांपूर्वी ज्या देशात या शाखेचा एकही विभाग नव्हता, तेथे जगभरचे तज्ज्ञ एकत्र आले. भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले.

उत्तरायुष्यात राममूर्तींचे लक्ष उत्तरोत्तर चैतन्याच्या प्रश्नाकडे वळले. १९९५ मध्ये जपानमधून प्रसिद्ध होणाऱ्या एका मानसरोगविज्ञानाच्या नियतकालिकात त्यांचा तुर्यावस्थेवरील लेख प्रसिद्ध झाला. जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती यांपलीकडची चौथी अवस्था मांडूक्य उपनिषदात वर्णिलेली आहे. मराठी संतसाहित्याच्या अभ्यासकांना तुर्या आणि तिच्याही पलीकडची उन्मनी या संज्ञा ज्ञानदेवांपासून परिचित आहेत. झोपेच्या निरनिराळ्या पायऱ्या विद्युत्-आलेखावर ओळखता येतात. मग ध्यानातून प्राप्त होणाऱ्या अवस्थेचा विचारही मज्जाविज्ञानाच्या परिभाषेत का होऊ नये, अशी ही दिशा होती. ही मांडणी सर्वांना पटली असे नाही. योग्याचा अनुभव आणि आलेखावरील रेषा यांमधील अंतर केवळ यंत्राची अचूकता वाढवून भरून निघेल काय, ही शंका तत्त्वज्ञांनी घेतली आहे आणि ती रास्त आहे. परंतु ज्या हातांनी हजारो मेंदू प्रत्यक्ष पाहिले, त्या माणसाला त्यांत मन कोठेच सापडले नाही म्हणून मन नाही असे म्हणावेसे वाटले नाही. त्याने परंपरेच्या शब्दांकडे पुन्हा वळून पाहिले. त्यांचे गुरू पेनफील्ड यांनीही अखेरच्या काळात मेंदू आणि मन यांच्या द्वैताचा प्रश्न पुन्हा खुला केला होता. शस्त्र खाली ठेवल्यावर दोघेही एकाच प्रश्नापाशी येऊन थांबले, हे लक्षणीय आहे.

राममूर्तींनी आपले आत्मचरित्र इंग्रजीत लिहिले आणि त्याला ‘अपहिल ऑल द वे’ असे नाव दिले. सगळी वाट चढणीचीच होती, असे त्यातून सूचित होते. भारतीय भाषांत शास्त्रज्ञांची आणि वैद्यांची आत्मचरित्रे मुळातच थोडी. त्यांतही व्यावसायिक घडणीचा तपशील देणारी विरळा. या दृष्टीने त्या आत्मकथनाची चरित्रवाङ्मयाच्या अभ्यासकांनी दखल घ्यावयास हवी. मराठीत वैद्यकविषयक आत्मकथनांची परंपरा आहे. तिच्याशी तुलना केल्यास सरकारी रुग्णालयातील विद्याशाखेची उभारणी हा एक वेगळाच कथाविषय समोर येईल.

१३ डिसेंबर २००३ रोजी राममूर्तींचे चेन्नईत निधन झाले. मद्रासचे चेन्नई झाले ते १९९६ मध्ये. जनरल हॉस्पिटलला २०११ मध्ये राजीव गांधींचे नाव देण्यात आले. नावे बदलली तरी मध्यवर्ती स्थानकासमोरचे ते रुग्णालय आणि त्यातील मज्जाविज्ञान-संस्था आपले काम करीत आहेत. राममूर्तींच्या कार्याचे मूल्यमापन करताना त्यांच्या शस्त्रक्रियांच्या संख्येपेक्षा दोन गोष्टी अधिक टिकाऊ ठरतात. गरीब रोग्यांनी भरलेल्या सरकारी रुग्णालयातही अध्यापन आणि संशोधन यांना उपचारांइतकेच स्थान देता येते, हे त्यांनी दाखवून दिले. आणि आपल्या विभागाने जे केले, ते चांगले असो वा पुढे वादग्रस्त ठरलेले असो, त्याची लेखी नोंद त्यांनी मागे ठेवली. शामक शल्यचिकित्सेचा हिशेब अजून पूर्ण मांडला गेलेला नाही. त्या रोग्यांचे पुढे काय झाले, त्यांच्या कुटुंबीयांनी तो अनुभव कसा सोसला, याचा शोध इतिहासकारांनी आणि साहित्याच्या अभ्यासकांनी मिळून घेण्यासारखा आहे. तेरैयराच्या कथेत बेडूक निघून गेल्यानंतर राजा बरा झाला, एवढेच सांगितलेले आहे. बऱ्या झालेल्या राजाचे स्वतःचे म्हणणे त्या कथेत नाही. मद्रासच्या नोंदींतही रोग्याचा आवाज असाच अनुपस्थित आहे.